सह्या, मतं आणि मग राज्यघटना

डेट्रॉईटमध्ये राहणाऱ्या बाईला गर्भपाताचा कायदेशीर हक्क आहे आणि डॅलसमध्ये राहणारीला तो जवळजवळ नाही. एकाच देशात असं कसं? अमेरिकेचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याच्यामागोमाग आणखी गोंधळात टाकणारा दुसरा. २०२४ च्या नोव्हेंबरात मिसूरी राज्याने डोनाल्ड ट्रम्प यांना ५८ टक्क्यांहून अधिक मतं दिली. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, त्याच राज्याच्या मतदारांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत लिहायलाही बहुमत दिलं. ही माणसं नक्की कोणत्या बाजूची?

मुली, सुना, भाच्या अमेरिकेत असलेल्या मराठी घरांना हे प्रश्न परके नाहीत. गरोदरपणात काही बिघडलं तर डॉक्टर कोणत्या आठवड्यापर्यंत काय करू शकतील, हे त्या मुलीचं घर कोणत्या राज्यात आहे यावर ठरतं. तिचा व्हिसा कोणता, पासपोर्ट कुठला, याने काही फरक पडत नाही. म्हणून हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, आणि त्याची सुरुवात न्यायालयापासून होते.

१. हक्क गेला कुठे?

भारतात गर्भपाताचा कायदा एकच आहे. संसदेने तो १९७१ मध्ये केला आणि काश्मीर ते कन्याकुमारी आज तोच लागू आहे. अमेरिकेत फौजदारी कायदा आणि वैद्यकीय व्यवसायाचे नियम हे मुख्यतः राज्यांचे विषय. शिवाय तिथल्या प्रत्येक राज्याला स्वतःची लिखित राज्यघटना असते. देशाची घटना वर, तिच्याखाली ५० राज्यांच्या ५० घटना. पुढचं सगळं कळायला एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

१९७३ मध्ये ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गर्भपाताचा निर्णय घेण्याचा स्त्रीचा हक्क देशाच्या घटनेत अंतर्भूत आहे. गर्भ आईच्या शरीराबाहेर जगू शकेल अशा टप्प्याला, म्हणजे साधारण चोविसाव्या आठवड्याच्या आसपास पोचेपर्यंत कोणतंही राज्य संपूर्ण बंदी घालू शकणार नव्हतं. हे छप्पर ४९ वर्षं टिकलं. मिसिसिपी राज्याने पंधरा आठवड्यांनंतर बंदी घालणारा कायदा केला, त्यावरचा ‘डॉब्स’ खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २४ जून २०२२ रोजी न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने ‘रो’ रद्द झाला. देशाच्या घटनेत असा हक्क नाही, हा प्रश्न लोकांकडे आणि त्यांच्या प्रतिनिधींकडे परत जातो, असं न्यायालयाने म्हटलं.

काही राज्यांनी ‘रो’ पडताच आपोआप लागू होतील असे कायदे आधीच करून ठेवले होते. मिसूरीने तर निकालाच्याच दिवशी बंदी जाहीर केली. काही ठिकाणी धूळ खात पडलेले जुने कायदे जागे झाले. मिशिगनमध्ये १९३१ चा कायदा होता. अ‍ॅरिझोनातला तर १८६४ चा! तेव्हा अ‍ॅरिझोना हे राज्यही नव्हतं आणि तिथल्या कोणत्याच स्त्रीला मताचा अधिकार नव्हता. तरी २०२४ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अमलात आणता येईल असा निकाल दिला. एवढा गदारोळ उठला की विधिमंडळाने काही आठवड्यांतच तो रद्द केला.

२. उमेदवाराला मत आणि प्रश्नाला मत

प्रश्न लोकांकडे परत गेला म्हणायचं, तर लोकांचं मत विधिमंडळात का दिसलं नाही? अनेक राज्यांत बहुसंख्य लोकांना सरसकट बंदी नको होती, तरी विधिमंडळांनी ती केली.

कारण उमेदवार निवडताना मतदाराला अख्खं गाठोडं उचलावं लागतं. महागाई, कर, बंदुकांचे नियम, स्थलांतर, शाळा, उमेदवाराचा पक्ष, त्याची जुनी ओळख, हे सगळं त्या एका शिक्क्यात बांधलेलं असतं. मिसूरीतल्या एखाद्या शेतकरी कुटुंबाला कर आणि बंदुकांच्या बाबतीत रिपब्लिकन पक्ष जवळचा वाटतो, आणि तरीही घरातल्या मुलीचा गर्भपात पोलिसांनी ठरवू नये असंही त्याला वाटतं. उमेदवाराला मत देताना ही दुसरी भावना सांगायला जागाच नसते. त्यात मतदारसंघांच्या सीमा सत्ताधारी पक्ष आपल्या सोयीने आखतो. मग बऱ्याच जागी खरी लढत पक्षांतर्गत निवडणुकीतच होऊन जाते, आणि तिथे सर्वांत कडक भूमिका घेणारा जिंकतो.

मतपत्रिकेवर थेट प्रश्न छापला की गाठोडं सुटतं. एकच गोष्ट विचारलेली असते, हो किंवा नाही. मिसूरीत ट्रम्प यांना मत देऊन खालच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या मतदाराने काही विसंगत केलं नाही. त्याला पहिल्यांदाच दोन उत्तरं वेगवेगळी देता आली. माँटानामध्ये ट्रम्प आणि गर्भपाताच्या हक्काचा प्रस्ताव या दोघांनाही सुमारे ५८ टक्के मतं पडली.

३. आडवी बाटली

नागरिकांनी सह्या जमवायच्या, सरकारने त्या तपासायच्या आणि मग सर्वांनी मत द्यायचं, ही पद्धत महाराष्ट्राला अगदी अनोळखी नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर ठरावीक प्रमाणात महिला सह्यांचं निवेदन देतात, सह्यांची पडताळणी होते आणि मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद. आमदाराला काय वाटतं, हे तिथे कुणी विचारत नाही. अमेरिकेतली पद्धत हीच, फक्त ती गावाऐवजी अख्ख्या राज्यासाठी चालते आणि तिने राज्यघटनाही बदलता येते.

साधा कायदा विधिमंडळ पुढच्या अधिवेशनात बदलू शकतं. राज्यघटनेतलं कलम मात्र त्याला एकट्याने पुसता येत नाही, त्यासाठी पुन्हा लोकांपुढे जावं लागतं. म्हणूनच डॉब्सनंतरच्या चळवळीने घटनादुरुस्तीचा रस्ता धरला.

ही सोय अमेरिकेत पहिल्यांदा साउथ डकोटाने १८९८ मध्ये स्वीकारली. रेल्वे कंपन्या आणि बड्या भांडवलदारांनी विधिमंडळं खिशात घातल्याचा राग तेव्हा शेतकऱ्यांत होता. प्रतिनिधी ऐकत नसतील तर लोकांनी स्वतः कायदा लिहावा, असा त्यामागचा विचार. स्त्रियांनी हे साधन लवकर ओळखलं. ५ नोव्हेंबर १९१२ रोजी अ‍ॅरिझोनात नागरिकांच्या प्रस्तावावर मतदान होऊन स्त्रियांना मताधिकार मिळाला. बरोबर ११२ वर्षांनी, ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, त्याच राज्यात त्याच मार्गाने गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत गेला. त्याला ६१ टक्क्यांहून अधिक मतं पडली.

सर्व राज्यांत मात्र हे दार नाही. नागरिकांना सह्या जमवून घटनादुरुस्ती मांडता येते अशी राज्यं दीड डझनाच्या आसपास आहेत. टेक्सासमध्ये राज्यपातळीवर ही सोयच नाही, आणि डॅलसमधल्या बाईची अडचण तिथेच आहे. मिसिसिपीची गोष्ट तर चटका लावणारी आहे. तिथे दार होतं. २०११ मध्ये फलित बीजालाच कायदेशीर व्यक्ती ठरवणारा प्रस्ताव तिथल्या मतदारांनी ५८ टक्के मतांनी फेटाळलाही होता. राज्यघटनेत अट अशी होती की लागणाऱ्या एकूण सह्यांपैकी एक पंचमांशापेक्षा जास्त सह्या कोणत्याही एका संसदीय मतदारसंघातून घेता येणार नाहीत. अट लिहिली तेव्हा मतदारसंघ पाच होते. पाच गुणिले वीस टक्के, हिशेब शंभरावर बसायचा. पुढे लोकसंख्येच्या प्रमाणात मतदारसंघ चार झाले. चार गुणिले वीस म्हणजे ८० टक्के. आता कितीही सह्या आणल्या तरी शंभर भरणारच नाहीत! वीसेक वर्षं कुणी हे ताणलं नाही. २०२१ च्या मे महिन्यात, वैद्यकीय गांजाच्या एका प्रकरणात, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हाच हिशेब मांडला आणि नागरिकांचा प्रस्ताव मांडण्याची पद्धतच निकामी झाली. पुढच्याच वर्षी त्याच राज्यातून आलेल्या खटल्यात ‘रो’ पडला, तेव्हा मिसिसिपीच्या स्त्रियांपुढे मतपत्रिकेचा रस्ता उरला नव्हता.

४. विचारतो कोण, यावर बरंच ठरतं

डॉब्सनंतरचा पहिला कौल कॅन्ससमध्ये आला, २ ऑगस्ट २०२२ रोजी. हा प्रस्ताव नागरिकांचा नव्हता, विधिमंडळाने लोकांपुढे ठेवलेला होता. कॅन्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये राज्यघटनेत गर्भपाताचा हक्क असल्याचं मान्य केलं होतं. विधिमंडळाला तो काढून टाकायचा होता. कडव्या रिपब्लिकन राज्यात, ऐन उन्हाळ्यात, पक्षांतर्गत निवडणुकीच्या दिवशी मतदान ठेवलेलं. तरीही ५९ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं आणि देशभरच्या राजकीय पंडितांना आपले आडाखे पुन्हा मांडावे लागले.

त्याच नोव्हेंबरात केंटकीनेही अशीच दुरुस्ती फेटाळली. इथे मात्र एक बारकावा आहे आणि तो अनेकांच्या नजरेतून निसटतो. केंटकीत आजही जवळपास संपूर्ण बंदी आहे. लोकांनी नाकारलं ते ‘राज्यघटनेत असा हक्क नाही’ हे वाक्य. हक्क आहे, असं वाक्य लिहा, असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि केंटकीत नागरिकांना स्वतः विचारण्याची सोय नाही. विधिमंडळाचा प्रश्न फेटाळून जास्तीत जास्त आहे तेवढं वाचतं. नवं काही मिळवायचं तर प्रश्न लिहिण्याची लेखणीच नागरिकांच्या हातात असावी लागते. तशी ती मिशिगनमध्ये होती.

५. सह्यांचं गणित

मिशिगनचा नियम असा: मागच्या गव्हर्नर निवडणुकीत जेवढी मतं पडली त्यांच्या १० टक्के सह्या हव्यात. २०१८ मध्ये सुमारे ४२ लाख ५० हजार मतं पडली होती, म्हणून आकडा निघाला ४,२५,०५९. प्रत्येक सही राज्यात नोंदलेल्या मतदाराचीच हवी. दोनदा केलेली, पत्ता चुकलेली, नाव यादीत नसलेली सही बाद होते. म्हणून मोहिमा नेहमी भरपूर जास्त सह्या गोळा करतात. मिशिगनच्या कार्यकर्त्यांनी साडेसात लाखांवर सह्या जमा केल्या. शेतकरी बाजार, मिरवणुका, ग्रंथालयांची दारं, विद्यापीठांचे आवार, जिथे माणसं भेटतील तिथे टेबल मांडून. त्यात मोबदला घेऊन सह्या जमवणारेही असतात. मोठ्या राज्यांत असा खर्च कोट्यवधी डॉलरवर जातो आणि तो या पद्धतीवरचा रास्त आक्षेप आहे.

सह्या भरल्या, पण वाट मोकळी झाली नाही. सह्या प्रमाणित करणारं चार सदस्यांचं मंडळ, दोन्ही पक्षांचे दोन-दोन. विरोधकांची तक्रार होती की छापील अर्जावर काही शब्दांमधली जागा कमी पडून शब्द एकमेकांना चिकटलेत, म्हणून अर्जच बाद ठरवावा. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी मंडळात दोन विरुद्ध दोन अशी कोंडी झाली. साडेसात लाख सह्या शब्दांमधल्या अंतरावर अडकल्या. आठवडाभरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी आदेश दिला, प्रश्न मतपत्रिकेवर गेला आणि नोव्हेंबरात जवळपास ५७ टक्के मतांनी संमत झाला. पुढच्या एप्रिलमध्ये गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी १९३१ चा कायदा रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली. २०२२ च्या त्या मतदानाच्या ५० वर्षं आधी, १९७२ मध्ये, याच राज्याच्या मतदारांनी गर्भपाताला मुभा देणारा प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला होता.

या दुरुस्त्यांत लिहिलेलं काय असतं? शब्द राज्यागणिक बदलतात, गाभा साधारण सारखा. प्रजननाविषयीचे निर्णय, म्हणजे गर्भनिरोधन, गर्भपात, गर्भस्राव झाल्यावरचे उपचार, हे त्या व्यक्तीचे. गर्भ बाहेर जगू शकेल अशा टप्प्यानंतर राज्य निर्बंध घालू शकतं, पण स्त्रीचा जीव किंवा आरोग्य धोक्यात असेल तर तेव्हाही अडवू शकत नाही.

६. ओहायोचे दोन ‘एक नंबर’

२०२३ चं ओहायो हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत शिकवणारा धडा आहे.

नागरिकांचा प्रस्ताव नोव्हेंबरात येणार हे दिसू लागताच विधिमंडळाने ऑगस्टमध्ये खास मतदान ठेवलं. ऑगस्टमधली अशी बहुतेक मतदानं बंद करणारा कायदा याच विधिमंडळाने काही महिन्यांपूर्वी केला होता, कारण त्यांना फारसं कुणी फिरकत नाही. आता प्रश्न असा ठेवला: यापुढे घटनादुरुस्तीला साध्या बहुमताऐवजी ६० टक्के मतं लागावीत, आणि सह्या ८८ पैकी ४४ काउंट्यांऐवजी सर्वच्या सर्व ८८ काउंट्यांतून आणाव्या लागाव्यात. काउंटी म्हणजे राज्याच्या आतला जिल्ह्यासारखा विभाग. अशी अट असती तर एका काउंटीतही सह्या कमी पडून अख्ख्या राज्याची मोहीम बारगळली असती. प्रश्नात गर्भपाताचं नाव कुठेही नव्हतं. मात्र निवडणुकांची जबाबदारी असलेले राज्याचे सचिव फ्रँक लारोझ यांनी एका पक्षमेळाव्यात हेतू उघड सांगितला होता: हे शंभर टक्के गर्भपाताची दुरुस्ती रोखण्यासाठीच आहे.

लोक फिरकले. तीस लाखांहून अधिक मतं पडली आणि ५७ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं. तीन महिन्यांनी, ७ नोव्हेंबरला, मूळ प्रस्ताव आला. त्याला मिळाली ५६.८ टक्के मतं. आता हिशेब करून पाहा. ऑगस्टमध्ये ६० टक्क्यांची अट लागू झाली असती तर नोव्हेंबरातला ५६.८ टक्क्यांचा स्पष्ट विजय पराभव ठरला असता. ओहायोतला हक्क खरं तर त्या कंटाळवाण्या, तांत्रिक वाटणाऱ्या ऑगस्टच्या मतदानात वाचला.

आणि दोन्ही प्रस्तावांचं नाव एकच होतं, ‘इश्यू वन’. हक्क हवा असणाऱ्याला ऑगस्टमध्ये ‘नाही’ आणि नोव्हेंबरात ‘हो’ म्हणायचं होतं. प्रचारकांना दारोदार जाऊन हेच समजावावं लागलं. शिवाय मतपत्रिकेवर छापायचा सारांश राज्याच्या मंडळाने लिहिला, तेव्हा मूळ मजकुरातल्या ‘गर्भ’ या शब्दाच्या जागी ‘न जन्मलेलं मूल’ असा शब्द बसवला गेला.

७. दारावरचे राखणदार

विरोध करणं हा लोकशाहीतला हक्कच आहे. गर्भालाही जीव आहे, त्याचं संरक्षण व्हावं, अशी श्रद्धा मनापासून बाळगणारे लाखो लोक अमेरिकेत आहेत. त्यांनी प्रचार करावा, मतं मागावी, जिंकावं. वाईट वाटतं ते लोकांना प्रश्नाचं उत्तरच देऊ न देण्याच्या प्रयत्नांचं.

आर्कान्सात २०२४ मध्ये नागरिकांनी एक लाखाहून अधिक सह्या दाखल केल्या. लागत होत्या ९०,७०४. त्यांपैकी सुमारे १४ हजार सह्या मोबदला घेणाऱ्यांनी जमवल्या होत्या आणि उरलेल्या सुमारे ८७ हजार स्वयंसेवकांनी. पगारी लोकांच्या प्रशिक्षणाविषयीचं एक प्रमाणपत्र योग्य रीतीने जोडलं नाही, असं म्हणून राज्याच्या सचिवांनी अर्ज नाकारला. पगारी लोकांच्या सह्या वगळल्या की उरलेल्या ८७ हजार, म्हणजे साडेतीन हजारांच्या आतबाहेर कमी. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सचिवांची बाजू उचलून धरली. एक लाख लोकांची सही एका न जोडलेल्या कागदामुळे वाया गेली.

मिसूरीत भांडण आकड्यांवरून आणि शब्दांवरून झालं. तिथे प्रस्तावासोबत खर्चाचा अंदाज छापावा लागतो. राज्याचे लेखापरीक्षक स्कॉट फिट्झपॅट्रिक यांनी स्थानिक संस्थांना वर्षाला किमान ५१ हजार डॉलरचा फटका बसेल असं लिहिलं. महाधिवक्त्यांना तो आकडा अब्जांत हवा होता. फिट्झपॅट्रिक स्वतः रिपब्लिकन आणि गर्भपाताचे विरोधक, तरी त्यांनी आकडा फुगवायला नकार दिला. अशा माणसांची नोंद इतिहासाने ठेवायला हवी. शेवटी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ५१ हजारांचाच आकडा चालेल असं सांगितलं. नंतर सचिव जे अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी लिहिलेला मतपत्रिकेवरचा सारांश न्यायालयाने पक्षपाती ठरवला. या सगळ्यात महिने गेले. लागणाऱ्या सुमारे १ लाख ७१ हजार सह्यांच्या जागी कार्यकर्त्यांनी ३ लाख ८० हजारांवर सह्या उभ्या केल्या, त्याही अवघ्या काही महिन्यांत. मतदानाच्या दोन महिने आधी न्यायालयात चार विरुद्ध तीन अशा काठावरच्या निर्णयाने प्रस्ताव वाचला, आणि ५१.६ टक्क्यांनी संमत झाला.

फ्लोरिडात गणितच वेगळं. तिथे घटनादुरुस्तीला ६० टक्के मतं लागतात. ही अट २००६ मध्ये लोकांच्या मतानेच आली आणि तिला तेव्हा ५८ टक्क्यांच्या आतच मतं होती. स्वतःच्या कसोटीला ती अट स्वतः उतरली नसती! २०२४ मध्ये तिथे सुमारे ९ लाख सह्यांची गरज होती, त्या मिळाल्या. राज्यात १ मेपासून सहा आठवड्यांची बंदी लागू झाली होती. सहा आठवडे म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. अनेकींना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. राज्याच्या आरोग्यसेवा विभागाने सरकारी संकेतस्थळावर प्रस्तावाविरुद्ध मजकूर टाकला. मतं पडली ६० लाखांवर, ५७.२ टक्के. गव्हर्नर रॉन डीसँटिस २०२२ मध्ये ५९.४ टक्के मतांनी निवडून आले तेव्हा त्याला दणदणीत विजय म्हटलं गेलं. प्रस्तावाच्या नशिबी ५७.२ टक्क्यांवर पराभव आला. २०२५ मध्ये फ्लोरिडाने नियम आणखी आवळले. भरलेले अर्ज जमा करण्याची मुदत ३० दिवसांवरून १० दिवसांवर आणली.

८. लोक ‘नाही’ म्हणाले तेव्हा

लोकांना विचारलं की हक्कच जिंकतो, असा समज करून घेणं चूक आहे. २०२४ मध्ये दहा राज्यांत मतदान झालं, सात ठिकाणी हक्काच्या बाजूने कौल मिळाला. फ्लोरिडा उंबरठ्यावर अडलं. साउथ डकोटात मात्र सरळ हार झाली, सुमारे ५९ टक्के विरोधात. तिथे हक्काच्या बाजूच्या मोठ्या राष्ट्रीय संस्थांनीच प्रस्तावाला पाठबळ दिलं नव्हतं. २००६ आणि २००८ मध्ये याच राज्याने बंदीचे दोन प्रस्ताव फेटाळले होते हे लक्षात घेतलं, तर हार किती टाळण्यासारखी होती ते कळतं. नेब्रास्कात दोन उलट प्रस्ताव एकाच मतपत्रिकेवर आले आणि पहिल्या तिमाहीनंतर निर्बंध घालणारा प्रस्ताव ५५ टक्क्यांनी जिंकला.

हे साधन दोन्ही बाजूंचं आहे. कोलोराडोत १९८४ मध्ये नागरिकांच्याच प्रस्तावाने गर्भपातासाठी सरकारी पैसा वापरायला बंदी घातली. ती उठायला ४० वर्षं लागली, २०२४ मध्ये, पुन्हा नागरिकांच्याच प्रस्तावाने. आयर्लंडमध्ये तर १९८३ च्या सार्वमताने गर्भाला आईच्या बरोबरीचा जगण्याचा हक्क घटनेत आला. त्याची किंमत बेळगावच्या एका घराने मोजली. सविता हलप्पनवार ही दंतवैद्य तरुणी सतराव्या आठवड्यात गर्भस्राव होत असताना गॉलवेच्या रुग्णालयात होती. गर्भाचे ठोके सुरू होते म्हणून तिची गर्भपाताची मागणी मान्य झाली नाही आणि २८ ऑक्टोबर २०१२ रोजी जंतुसंसर्गाने ती गेली. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्के आयरिश मतदारांनी ते कलम काढलं. तिथे नागरिकांना सह्यांनी प्रश्न मांडता येत नाही. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ९९ सामान्य नागरिकांच्या सभेने महिनोन्‌महिने तज्ज्ञांना ऐकून शिफारस केली, मग संसदेने मतदान घेतलं. बहुसंख्येच्या मतावर हक्क सोपवायचा असेल तर त्याआधी लोकांनी नीट ऐकून घ्यावं, ही आयर्लंडची पद्धत अमेरिकेच्या घाईपेक्षा शहाणपणाची वाटते.

९. जिंकल्यानंतर

घटनेत ओळ लिहिली की दवाखान्याचं दार लगेच उघडतं असं नाही. जुने कायदे पुस्तकात तसेच असतात. ते एकेक करून न्यायालयातून काढावे लागतात. मिशिगनच्या विधिमंडळाची साथ होती म्हणून तिथे काम लवकर झालं. ओहायोत सहा आठवड्यांची बंदी न्यायालयाने रद्द करायला जवळजवळ वर्ष लागलं. मिसूरीत उलटसुलट आदेशांमुळे २०२५ मध्ये सेवा सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. तारीख घेऊन बसलेल्या बाईला आदल्या दिवशी शेजारच्या इलिनॉय किंवा कॅन्ससचा रस्ता धरावा लागणं, हे त्या आदेशांचं जमिनीवरचं रूप. नेवाडाची अट आणखी वेगळी आहे. तिथे नागरिकांची घटनादुरुस्ती लागोपाठच्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत संमत व्हावी लागते. २०२४ मध्ये ६४ टक्के मिळाले, दुसरी फेरी २०२६ च्या नोव्हेंबरात.

मिसूरीच्या विधिमंडळाने तर लोकांचा निर्णय उलटवण्याचा प्रस्ताव त्याच २०२६ च्या नोव्हेंबरासाठी मांडला. तो संमत झाला तर २०२४ ची दुरुस्ती रद्द होऊन बंदी परत येईल, फक्त काही अपवाद ठेवून: वैद्यकीय आणीबाणी, गर्भातलं गंभीर व्यंग, आणि बलात्कार किंवा जवळच्या नात्यातला अत्याचार असेल तर बारा आठवड्यांपर्यंत. अल्पवयीन मुलांच्या लिंगबदल उपचारांवरची बंदीही त्याच प्रश्नात जोडली आहे. म्हणजे मतपत्रिकेने सोडवलेलं गाठोडं पुन्हा बांधलं गेलं. आधी लिहिलेल्या सारांशात जुनी दुरुस्ती रद्द होणार हे स्पष्ट सांगितलेलंच नव्हतं. न्यायालयाने तो बदलायला लावला.

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांनी, आणि तिथे मतदार झालेल्या त्यांच्या मुलांनी, अशा प्रत्येक प्रश्नाचा पूर्ण मजकूर मतदानाआधी घरी बसून वाचावा. प्रश्नाचा नंबर आणि आदल्या वेळचं उत्तर यांवर विसंबू नये. मिसूरीत २०२४ च्या प्रस्तावाचं नाव ‘अमेंडमेंट थ्री’ होतं आणि त्याला ‘हो’ म्हणजे हक्क राहावा. २०२६ च्या प्रस्तावाचं नावही ‘अमेंडमेंट थ्री’च आहे, आणि त्याला ‘हो’ म्हणजे तो हक्क जावा.